खाणकामापूर्वीचे वनस्पती-सर्वेक्षण: साठ चौकटी पुरेशा आहेत का?

क्षेत्रवही (प्रश्न)

उघड्या खाणीसाठी ठरवलेल्या सुमारे २४० हेक्टर जमिनीच्या वनस्पती-सर्वेक्षणाचे काम आमच्या चौघांच्या गटाकडे आले आहे. खाणकाम संपल्यावर भराव घालून, माती पसरून तिथे पुन्हा वनस्पती उभ्या करायच्या आहेत, आणि ते काम साधले की नाही हे ज्या आकड्यांशी ताडून ठरवले जाईल ते आकडे आमच्या या सर्वेक्षणातूनच निघणार आहेत. एकदा खोदाई सुरू झाली की ही जमीन या रूपात कोणालाही पुन्हा पाहता येणार नाही. म्हणून काही शंका आताच निस्तरून घ्याव्यात असे वाटते.

उपग्रहचित्र आणि पायी फेरी यांच्या आधारे आम्ही जमिनीचे तीन भाग पाडले आहेत: विरळ झाडे असलेले उतारावरचे गवताळ रान, ओढ्याकाठचा दाट झाडोरा, आणि झुडपांनी व्यापलेली जुनी पडीक शेतजमीन. चाचणी म्हणून गवताळ भागात यादृच्छिक ठिकाणांहून पन्नास-पन्नास मीटरच्या सहा पट्ट्या टाकल्या आणि प्रत्येक पट्टीवर दर पाच मीटरला एक, अशा एक चौरस मीटरच्या दहा चौकटी मोजल्या. साठ चौकटींमधील एकूण आच्छादनाची, म्हणजे वनस्पतींनी झाकलेल्या जमिनीच्या हिश्शाची, सरासरी ४२ टक्के आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १६ आले. सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत, ९० टक्के विश्वासपातळीवर अंदाज हवा असे धरून नेहमीचे सूत्र लावले, म्हणजे टी-मूल्य (नमुन्यांची संख्या आणि विश्वासपातळी यांवरून तक्त्यात मिळणारा गुणक) गुणिले प्रमाण विचलन, भागिले सरासरीचा दहावा हिस्सा, आणि त्याचा वर्ग. उत्तर ४१ आले. आमच्याकडे ६० चौकटी आहेत, तेव्हा गवताळ भागाचे काम पुरे झाले असे मानावे काय?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गवत कापून, वाळवून त्याचा जैवभार मोजण्यासाठी पंधरा चौकटी घेतल्या, त्यांची सरासरी दर चौरस मीटरला ११० ग्रॅम आणि प्रमाण विचलन ६२ आले. त्याच सूत्राने ९९ चौकटी कापाव्या लागतील असे दिसते, आणि तेवढे मनुष्यबळ आमच्याकडे नाही. दुसरे म्हणजे, झाडांची घनता बिंदू-चतुर्थांश पद्धतीने काढावी, कारण ती झटपट होते, असा गटातील एका सहकाऱ्याचा आग्रह आहे. याबाबत अनुभवी सदस्यांचे काय मत आहे?

मोजपट्टी

सूत्र बरोबर आहे, पण त्यात घातलेली संख्या चुकीची आहे. आपल्याकडे ६० स्वतंत्र नमुने नाहीत, सहा आहेत. यादृच्छिक रीतीने निवडली गेली ती पट्टी. चौकटी पट्टीच्या मागोमाग आल्या. एकाच पट्टीवरच्या, पाच-पाच मीटरवरच्या चौकटी एकमेकींसारख्या असतात, कारण त्यांच्याखालची माती, उतार आणि ओल बहुतेक सारखीच असते. त्यांना स्वतंत्र मानले तर खात्री आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ही चूक इतकी सर्रास होते की अहवाल हाती आला की मी सर्वांत आधी पट्ट्यांची संख्या पाहतो आणि मगच बाकीचे वाचतो.

सहा पट्ट्यांच्या वेगवेगळ्या सरासऱ्या इथे दिल्यात तर हिशेब करून दाखवता येईल.

क्षेत्रवही

सरासऱ्या अशा आहेत: २८, ५५, ३७, ४९, ३१ आणि ५२ टक्के. चौथी आणि सहावी पट्टी उताराच्या पायथ्याजवळ पडली होती. दुसरी मात्र वरच्या बाजूला होती, तरीही तिथले गवत दाट होते.

मोजपट्टी

या सहा आकड्यांची सरासरी ४२ च येते, पण त्यांचे प्रमाण विचलन सुमारे ११.५ आहे. सहा नमुन्यांसाठी टी-मूल्य २.०१५ धरावे लागते आणि त्यानुसार उत्तर ३१ पट्ट्या असे येते. पट्ट्या वाढतील तसे टी-मूल्य उतरते, म्हणून हिशेब पुन:पुन्हा करत गेल्यास तो २३ पट्ट्यांवर स्थिरावतो. म्हणजे काम पुरे होणे दूरच, जेमतेम चौथा हिस्सा झाला आहे.

हे वाचून निराश होऊ नये, कारण प्रत्येक पट्टीवर दहा चौकटी मोजण्याची गरजच नाही. आपल्याच आकड्यांतून पट्टी-पट्टीमधला फरक आणि एका पट्टीच्या आतला फरक वेगळा काढला, तर पहिल्याचे विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) सुमारे ११६ आणि दुसऱ्याचे सुमारे १५७ निघते. यातले दुसरे विचरण प्रत्येक पट्टीवरच्या चौकटींच्या संख्येने भागले जाते, पहिले मात्र पट्ट्या वाढवल्याशिवाय कमी होत नाही. पट्टीवर दहाऐवजी पाच चौकटी घेतल्या तर २३ ऐवजी २५ पट्ट्या लागतात, पण एकूण चौकटी २३० वरून १२५ वर येतात. पट्टी सोडूनच दिली आणि प्रत्येक चौकट स्वतंत्र यादृच्छिक बिंदूवर ठेवली तर ४४ चौकटींत काम भागते. मग चालण्याचे अंतर आणि मोजण्याचा वेळ यांतले काय महाग पडते ते पाहावे. सपाट, मोकळ्या रानात मी ४४ सुट्या चौकटी घेईन. काटेरी झाडोऱ्यात, जिथे प्रत्येक बिंदू गाठायला अर्धा तास जातो, तिथे पट्टीच बरी.

हा हिशेब फक्त गवताळ भागाचा आहे. ओढ्याकाठ आणि पडीक जमीन यांसाठी चाचणीपासून सगळे पुन्हा करावे लागेल. तिन्ही भागांची मिळून एक सरासरी काढू नये, कारण प्रत्यक्ष जमिनीवर अशी सरासरी वनस्पती कुठेच उगवलेली नसते. बिंदू निवडताना प्रत्येक भागाच्या सीमेपासून आत थोडे अंतर सोडावे, नाहीतर नकाशातली चूक आणि वनस्पतींमधला फरक एकमेकांत मिसळतात.

जैवभाराबाबत दोन वाटा आहेत. अचूकता दहाऐवजी वीस टक्क्यांवर आणली तर ९९ च्या जागी सुमारे २५ चौकटी पुरतात, कारण मर्यादा दुप्पट सैल केली की नमुना चौथाई होतो. मात्र असे करायचे ते अहवालात आधी लिहून, शेवटी आकडे पाहून नव्हे. दुसरी वाट दुहेरी नमुन्याची: सर्व चौकटींचा जैवभार नजरेने अंदाजावा, त्यांतल्या दर चौथ्या किंवा पाचव्या चौकटीतले गवत खरोखर कापावे, साठ ते सत्तर अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे आणि अंदाज व प्रत्यक्ष वजन यांच्या नात्यावरून उरलेल्या अंदाजांची दुरुस्ती करावी. कोणती चौकट कापायची हे अंदाज नोंदवून झाल्यावरच उघड करावे. आधीच ठाऊक असले की माणूस त्या चौकटीपुरता जास्त काळजीने अंदाज करतो आणि दुरुस्तीचे गणितच बिघडते.

तृणपात

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट जोडतो. टी-मूल्य तक्त्याच्या कोणत्या स्तंभातून घ्यायचे हे पुढे कोणती तुलना होणार आहे त्यावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, अमेरिकेतील कोळसा खाणींसाठीच्या १९७७ च्या कायद्याखालील नियमांत पुनर्स्थापित जमिनीचे आच्छादन ठरलेल्या मानकाच्या किमान ९० टक्के असावे लागते आणि ते तपासण्यासाठी ०.१० पातळीची एकतर्फी सांख्यिकीय चाचणी, म्हणजे आच्छादन मानकापेक्षा कमी आहे का एवढीच एक बाजू पाहणारी, सांगितलेली आहे. एकतर्फी चाचणीसाठी टी-मूल्य १.७ च्या आसपास नसते, ते सुमारे १.३४ असते, आणि त्यामुळे २५ पट्ट्यांच्या जागी १६ पुरतात. आपल्या परवान्याच्या अटींत कोणती चाचणी लिहिली आहे ते आधी वाचावे. काहीच लिहिलेले नसेल तर कडक बाजूचा आकडा धरावा, कारण राहून गेलेल्या पट्ट्या मोजायला परत जाण्यासाठी जमीनच उरणार नाही.

आता बिंदू-चतुर्थांश पद्धतीकडे वळतो. आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे एका अर्थाने बरोबर आहे. १९५० च्या दशकापासून रूढ असलेली ही पद्धत झटपट होते. बिंदूभोवतीच्या चार चतुर्थांशांतले प्रत्येकी सर्वांत जवळचे झाड शोधायचे, चारही अंतरे मोजायची, सगळ्या बिंदूंवरच्या अंतरांची सरासरी काढायची आणि तिच्या वर्गाने क्षेत्रफळाला भागायचे. सरासरी अंतर पाच मीटर आले तर हेक्टरी ४०० झाडे. परंतु हे गणित झाडे यादृच्छिक विखुरलेली आहेत असे गृहीत धरते. नैसर्गिक रानात झाडे पुंजक्यांनी असतात. बिंदू बहुधा पुंजक्यांमधल्या मोकळ्या जागेत पडतो, अंतरे लांब येतात आणि घनता खऱ्यापेक्षा कमी निघते. पुनर्स्थापनेनंतर तिथे रांगेत, ठरावीक अंतरावर रोपे लावली जातील आणि तशा नियमित मांडणीत हीच पद्धत घनता खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. म्हणजे आधीचे रान होते त्यापेक्षा विरळ दिसणार, नंतरची लागवड आहे त्यापेक्षा दाट दिसणार, आणि काहीही न साधता काम साधल्याचे कागदावर सिद्ध होणार. कोणी मुद्दाम फसवले नाही तरी पद्धत फसवेल. आपल्या गवताळ भागातली झाडे विरळ आणि पुंजक्यांची आहेत. तिथे मी ठरावीक मापाचे भूखंड आखून प्रत्येक झाड मोजेन. झाडे फारच थोडी असतील तर नेहमीचा दहा गुणिले दहा मीटरचा भूखंड बहुतेक वेळा रिकामा निघेल आणि शून्यांनी भरलेल्या तक्त्यातून काहीच कळणार नाही. तेव्हा वीस गुणिले पन्नास मीटरचे लांबट भूखंड घ्यावेत. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर मोजावा, आणि उतारावर ती उंची झाडाच्या वरच्या बाजूने धरावी. हा नियम वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावा.

आच्छादन आपण नजरेने मोजले असावे असे वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉबेनमायर यांची १९५९ सालची वीस गुणिले पन्नास सेंटिमीटरची चौकट आणि आच्छादनाचे सहा वर्ग वापरले असतील तर ५ ते २५ टक्के हा सगळा पल्ला १५ या एकाच मध्यबिंदूत बसतो, हे ध्यानात ठेवावे. दोन निरीक्षकांत एका वर्गाचा फरक पडला की आकडा १५ वरून थेट ३७.५ वर जातो. एखाद्या जागेचे रूप पटकन टिपायला हे वर्ग चांगले आहेत. पण पंधरा-वीस वर्षांनी अनोळखी माणसाच्या मोजमापाशी तुलना करायची असेल तर मी बिंदू-स्पर्श पद्धत निवडेन: पन्नास मीटरच्या पट्टीवर दर अर्ध्या मीटरला सुई उभी सोडायची आणि ती कशाला लागते ते लिहायचे. शंभर बिंदू, प्रत्येक म्हणजे एक टक्का. यात अंदाजाला जवळजवळ वाव राहत नाही. अर्थात इथेही नमुना म्हणजे पट्टीच, शंभर बिंदू हे शंभर नमुने नव्हेत. मोजपट्टी यांनी सांगितलेला नियम इथे तंतोतंत लागू होतो. सुई वरपासून खालपर्यंत ज्या-ज्या जातीला लागते ती प्रत्येक नोंदवली तर एकूण आच्छादन शंभराच्या वर जाऊ शकते, फक्त पहिला स्पर्श नोंदवला तर जात नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवावेत. पालापाचोळा, दगड आणि उघडी माती यांचे स्पर्शही लिहावेत, कारण पुढे धूप किती रोखली गेली असा प्रश्न निघेल तेव्हा पालापाचोळाही गणतीत येतो. झुडपांसाठी पट्टीवर पडणारी पर्णछत्राची लांबी मोजणे सोपे जाते. फक्त पर्णछत्रातल्या केवढ्या फटीपर्यंत सलग मानायचे ते आधी ठरवावे.

मोजपट्टी

तृणपात यांनी सुईबद्दल लिहिले आहे त्यात एक भर घालतो. एकूण आच्छादनाला ही पद्धत उत्तम आहे, पण दोन-तीन टक्क्यांहून कमी असलेल्या जाती शंभर बिंदूंत सहज निसटतात. जातींची यादी सुईवर सोपवू नये. प्रत्येक भागात ठरावीक वेळ, उदाहरणार्थ एक तास, मोकळे फिरून दिसतील त्या सर्व जाती लिहाव्यात. शेवटच्या दहा मिनिटांत नव्या जाती सापडतच असतील तर आणखी फिरावे. आणि हे एकाच हंगामात उरकू नये. वर्षायू वनस्पती काही आठवडे दिसतात आणि नाहीशा होतात. कंद असलेल्या कित्येक जाती वर्षाचा मोठा भाग जमिनीखालीच असतात. आच्छादन आणि जैवभार वाढीचा जोर शिगेला असताना एकदाच मोजले तरी चालते, यादीसाठी मात्र निदान दोनदा जावे.

वरचाथर

मी मातीच्या बाजूने लिहितो आहे. वनस्पतीचे सर्वेक्षण करणारे बहुधा जमिनीच्या पृष्ठभागापाशी थांबतात, पण पुनर्स्थापनेत सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट पृष्ठभागाच्या खालच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये असते. मातीतल्या जिवंत बियांचा बहुतेक साठा या पातळ थरात असतो. खाणीत वरची माती काढताना यंत्राने अर्धा मीटर खोल एकदमच खरवडले तर तो साठा दहापट मातीत मिसळून विरळ होतो, आणि खोल गाडल्या गेलेल्या बारीक बिया उगवून वर येऊच शकत नाहीत. तीच माती वर्षानुवर्षे ढिगात पडून राहिली तर बियाही मरतात आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीही घटतात. म्हणून किती जाडीचा थर वेगळा काढायचा आणि तो थेट दुसऱ्या तयार जमिनीवर पसरता येईल का, याचा निर्णय आपल्या सर्वेक्षणातल्या आकड्यांवर घेता आला पाहिजे.

पद्धत साधी आहे. ज्या बिंदूंवर वनस्पती मोजल्या त्यांच्याशेजारीच माती घ्यावी, वरचे पाच सेंटिमीटर वेगळे आणि त्याखालचे पाच वेगळे. एका बिंदूवर एक मोठा खड्डा घेण्यापेक्षा लहान नळीने अनेक ठिकाणची माती घेऊन एकत्र करावी, कारण बिया फार विषम विखुरलेल्या असतात. माती ट्रेमध्ये निर्जंतुक वाळूवर पातळ पसरावी, ओलसर ठेवावी, उगवलेली रोपे ओळखून, मोजून काढत जावीत. उगवण थांबल्यावर माती हलवून पुन्हा एकदा संधी द्यावी. शेजारी नुसत्या वाळूचे दोन-तीन ट्रे ठेवावेत, म्हणजे वाऱ्याने आलेल्या बिया कोणत्या ते कळते. नमुने उगवणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावेत. नंतर घेतले तर जो साठा मोजायचा तोच उगवून संपलेला असतो. काही जातींच्या बियांना उष्णता किंवा धूर मिळाल्याशिवाय त्या उगवत नाहीत, तेव्हा ट्रेमध्ये न दिसलेली जात मातीत नाहीच असा निष्कर्ष काढू नये.

या मोजमापातून एक अप्रिय सत्यही बाहेर येते. जमिनीवर दिसणाऱ्या जाती आणि मातीत बिया असलेल्या जाती यांच्या याद्या बऱ्याचदा जुळत नाहीत. आपल्या पडीक शेतजमिनीच्या मातीत तणांच्या बियांचा साठा मोठा असण्याची दाट शक्यता आहे. ती माती आणि गवताळ भागाची माती एकाच ढिगात जाऊ दिली तर पुढची कित्येक वर्षे तणेच मोजत बसावे लागेल. माझ्या दृष्टीने आपल्या सर्वेक्षणातून निघणारी सर्वांत तातडीची शिफारस हीच असेल.

क्षेत्रवही

सर्वांचे आभार. गवताळ भागात ४४ सुट्या बिंदूंचा मार्ग आम्ही स्वीकारत आहोत, पण तिथे प्रत्येक बिंदूवर सुईने मोजणे आणि चौकट ठेवणे यांची सांगड कशी घालावी हे ठरत नाही. दुसरे, यंदा पाऊस नेहमीपेक्षा बराच जास्त झाला आहे. यंदाच्या आच्छादनावर मानक ठरले तर ते पुढे कोणालाच गाठता येणार नाही अशी भीती वाटते.

तृणपात

सांगड सोपी आहे. एक चौरस मीटरच्या चौकटीवर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून पंचवीस छेदबिंदू करावेत आणि प्रत्येक छेदाखाली सुई सोडावी. अशा चौकटीतला एक स्पर्श चार टक्क्यांचा होतो, त्यामुळे एकट्या चौकटीचा आकडा खडबडीत येतो, पण आपल्याला ४४ चौकटींची सरासरी हवी आहे. चाचणीतले विचलन नजरेच्या अंदाजाचे होते, म्हणून पहिल्या पंधरा चौकटी झाल्यावर विचलन पुन्हा काढून संख्या दुरुस्त करावी.

पावसाबाबतची भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय एकच: संदर्भक्षेत्र. खाणीच्या हद्दीबाहेर, तशीच माती, तसाच उतार, तशीच दिशा आणि चराईचा तसाच भार असलेला तुकडा निवडून त्याचे मोजमाप याच आठवड्यात, याच माणसांनी, याच चौकटींनी करावे. पुढे पुनर्स्थापित जमीन मोजली जाईल त्या वर्षी हा तुकडाही सोबत मोजायचा आणि तुलना त्याच्याशी करायची. ओले वर्ष असो वा कोरडे, दोन्हींवर पाऊस सारखाच पडलेला असेल. आज खाणीच्या जमिनीवर घेतलेल्या आकड्यांचे मुख्य काम मग एवढेच उरते की निवडलेले संदर्भक्षेत्र खरोखर तिच्यासारखे होते हे दाखवणे. प्रत्येक भागासाठी निदान दोन संदर्भक्षेत्रे निवडावीत, कारण इतक्या वर्षांत एखादे जळेल, नांगरले जाईल किंवा खाणीच्याच पुढच्या टप्प्यात सापडेल. खाणीच्या विस्ताराचे नकाशे मागवून घेतल्याशिवाय जागा पक्की करू नये. धूळ आणि भूजलपातळीतील घट जिथवर पोहोचतात त्या पट्ट्यातही ती नसावी. ओढ्याकाठच्या झाडोऱ्याच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण खाणीत पाणी उपसल्याने खालच्या अंगाचा ओढा आटला तर संदर्भच हळूहळू वाळत जातो आणि तुलना नकळत सोपी होत जाते.

मोजपट्टी

संदर्भक्षेत्राच्या कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकून त्यांचे स्थान डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची अक्षांश-रेखांश प्रणाली) मध्ये नोंदवावे आणि कोणती प्रणाली वापरली ते प्रत्येक तक्त्यावर लिहावे. छायाचित्रे ठरावीक बिंदूंवरून, ठरावीक दिशेला, त्याच उंचीवरून घ्यावीत. ओळख पटलेल्या आणि न पटलेल्याही प्रत्येक जातीचा वाळवलेला नमुना सार्वजनिक वनस्पतिसंग्रहात ठेवावा, कारण वीस वर्षांत जातींची शास्त्रीय नावे बदलतात, चिकटवलेले पान बदलत नाही. अहवालात सरासऱ्या छापाव्यात, पण प्रत्येक चौकटीची मूळ नोंद, जातवार, देशी की परकी आणि वर्षायू की बहुवर्षायू या खुणांसह परिशिष्टात द्यावी. उद्या कोणी तणांचे आच्छादन वगळून हिशेब मागितला तर सरासरीतून ते वगळता येत नाही.

क्षेत्रवही

विस्ताराचा नकाशा आज मागवला. आम्ही संदर्भक्षेत्र म्हणून मनात धरलेला पूर्वेकडचा तुकडा दुसऱ्या टप्प्यात जातो आहे. उद्या पश्चिमेच्या बाजूला जागा पाहायला निघत आहोत, आणि सोबत मातीची नळीही घेतो आहोत.